नॉर्मलवर ठेवलेलं मशीन

मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पाटी उतरवली तेव्हा कॅमेरे, हॅलोजनचे दिवे, वायरींची भेंडोळी, सगळं देऊन टाकलं आणि एक मशीन तेवढं घरी आणलं. ते कपाटावर आहे. बायकोने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. येणारा-जाणारा विचारतो की हे अजून कशाला ठेवलंय, भंगारवाला नेईल की. मी म्हणतो, नेईल, आणि चहाचं विचारतो. तर त्याची हकीकत एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा चहा करायला नको.

मी शूटिंगवाला. शहापूरपासून टोकावड्यापर्यंत लोक मला याच नावाने ओळखत. खरं नाव विचारलं तर बरेच जण अडखळतील. नव्वदच्या आसपास सुरुवात केली आणि पुढची वीसेक वर्षं लग्नं काढली. तेव्हाचा कॅमेरा खांद्यावर घ्यावा लागे आणि संध्याकाळपर्यंत तो भरलेल्या हंड्याइतका जड होई. आजही कुणाची पत्रिका घरात आली की आधी माझा उजवा खांदा दुखतो. इतकी लग्नं पाहिली, पण पहिल्या पंगतीला कधी बसलो नाही. पहिली पंगत शूटिंगमध्ये घ्यायची असते.

पुढे काळ पालटला. घराघरांतले व्हीसीआर बंद पडले, दुरुस्त करणारे धंदा सोडून गेले, आणि जो तो डीव्हीडी प्लेअर घेऊन आला. कॅसेटी मात्र तशाच पडून. आपल्याकडच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते. झडपेतून डोकावलं की टेपच्या कडेला भाजणीचं पीठ सांडल्यासारखं दिसतं. लोक घाबरून माझ्याकडे यायचे, की आमचं लग्न वाचवा. म्हणून मी घरगुती वापराचा डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचं ठरवलं.

तो निवडताना मी फार शहाणपणा केला असं नाही. बाजारात दोन तऱ्हेची मशीनं होती. एक साधं, त्याला वेगळ्या व्हीसीआरमधून वायरी जोडायच्या. दुसरं जोडमशीन, डाव्या बाजूला कॅसेट घालायची, उजव्या बाजूला डिस्क, मध्ये एक बटन. मला वायरींचा कंटाळा आला होता, म्हणून जोडमशीन घेतलं. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं की यातला व्हीसीआर हाय-फाय आहे. मी मान डोलावली. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यावरही 'हाय-फाय' असं चंदेरी अक्षरात लिहिलेलं होतं. मला ते नुसतं मिरवायला लिहितात असं वाटायचं. या एका अज्ञानाची ही सगळी हकीकत आहे.

मशीन आल्यावर लोक माझा सल्ला घ्यायला लागले. शहापूरचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांना घरी टीव्हीवरची कीर्तनं उतरवून ठेवायची होती. त्यांना मी सगळं नीट समजावलं. एक डिस्क एकदाच भरायची असते, दुसरी पुसून पुन्हा वापरता येते. दोन तासांच्या वेगावर चित्र स्वच्छ येतं, सहा तासांच्या वेगावर कीर्तनकाराचे डोळे-नाक एक होतात. आणि सगळ्यात शेवटी 'फायनल' करायचं. म्हणजे मशीन त्या डिस्कची अनुक्रमणिका लिहून तिला शिवून टाकतं. तोवर ती फक्त आपल्याच मशीनवर चालते, दुसरीकडे कोरी दिसते. आणि एकदा फायनल केली की तिच्यात काही घालता येत नाही. मास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं. दोन महिन्यांनी ते पिशवीभर डिस्का घेऊन दारात उभे. कल्याणला लेकीकडे एकही लागली नाही, जावयासमोर शोभा झाली. फायनल केल्या होत्या का, असं विचारलं तर म्हणाले, "अहो, कीर्तनमाला अजून चालू आहे. संपल्याशिवाय फायनल कसं करणार?" व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं.

लोडशेडिंगचाही जाच होता. फायनल चालू असताना वीज गेली की डिस्क कायमची मेली. म्हणून मी आधी बॅटरीवरचा इन्व्हर्टर घेतला आणि मगच पाटीवर 'कॅसेटची डीव्हीडी करून मिळेल' असं लिहिलं.

आता मिक्सिंगविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लग्नाचं शूटिंग कुणाला जसंच्या तसं नको असतं. भटजींचा खोकला, पोरांची रड, मांडवातला गलका, यावर आम्ही सिनेमातली गाणी चढवायचो. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला रडवणारं एक. पुढे पुढे मी मूळ कॅसेटवरून दुसरी कॉपी करून तिच्यावर गाणी घालायचो आणि मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो. पण पहिली चार-पाच वर्षं माझ्याकडे तेवढं सामान नव्हतं. तेव्हा मूळ कॅसेटच व्हीसीआरमध्ये घालून 'ऑडिओ डब'चं बटन दाबायचो आणि गाणं थेट तिच्यावर उतरवायचो. खालचा आवाज पुसला गेला असं मी समजायचो. ऐकू तर गाणंच यायचं.

नवं मशीन आल्यावर पहिलं गिऱ्हाईक सापगावचं आलं. नवरा-बायको दोघं हौसेने समोर बसले. मी कॅसेट घातली, वरात दिसायला लागली, आणि गाण्याऐवजी नवऱ्याच्या मामाचा आवाज आला. मानाचं उपरणं आखूड दिलं म्हणून मामा रुसला होता आणि मुलीकडच्यांना काय वाटेल ते बोलत होता. एक शब्द गाळलेला नाही. बायको नवऱ्याकडे बघायला लागली, कारण ते सगळं तिच्या माहेराबद्दल होतं. नवरा मला म्हणाला, "आमची गाणी कुठं गेली? तुमच्या मशीनमधी बिघाड हाय."

मलाही बिघाडच वाटला. मशीन घेतलं तिथे फोन केला. तिथला माणूस हसला. त्याने समजावलं ते असं, की हाय-फाय कॅसेटमध्ये आवाजाच्या दोन वाटा असतात. एक टेपच्या कडेने जाणारी साधी वाट. तुम्ही डब करता तेव्हा गाणं फक्त तिच्यावर चढतं. दुसरी तिच्या खाली, चित्राच्या पोटात असते, तिला तुम्ही हातही लावू शकत नाही. तुमच्या गावांतले व्हीसीआर साधे होते, त्यांना वरची वाटच वाचता यायची. हे मशीन खालची वाचतं. मेनूत जा आणि 'हाय-फाय' बदलून 'नॉर्मल' करा.

मी केलं. गाणी परत आली. सापगावचं जोडपं घरी गेलं, बायको चार पावलं पुढे. त्या दिवसापासून मशीन नॉर्मलवर राहिलं. पुढची चार वर्षं ढिगाने कॅसेटी आल्या, त्या सगळ्या मी नॉर्मलवर उतरवल्या, फायनल केल्या, दिल्या. त्या माणसाने मला केवढी गोष्ट सांगितली होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, कटकट मिटली.

उतरवून झालेल्या कॅसेटी न्यायला कुणी येत नसे. "ऱ्हाऊ दे तुमालाच," म्हणायचे. दसऱ्याच्या सुमारास भात पिकायला लागलं की शेतकरी यायचे आणि त्या मागून न्यायचे. कॅसेट फोडून टेप ओढून काढायची आणि शेतावर काठीला काठी बांधून ताणायची. वाऱ्याने ती भुणभुणते, उन्हात चमकते, पाखरं बसत नाहीत. आमच्याकडे सगळेच करतात. दुकानात जागा होते म्हणून मी आनंदाने वाटायचो.

चौथ्या वर्षी माघात मंजुळाताई आल्या. टोकावड्याच्या पुढे एका गावात त्या अंगणवाडीवर होत्या. मी त्यांना ओळखलं नाही, पण त्यांनी आईचं नाव सांगताच ओळखलं. चांगुणाबाई धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण लागते. ती धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, त्यातूनच देवांना आणि गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलावते, कुठला विधी कधी करायचा तेही तीच सांगते. चांगुणाबाई उंच, काळ्या, कपाळभर कुंकू. मुरबाडच्या पूर्वेकडल्या निम्म्या लग्नांत मी त्यांना कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. त्या वारून पाच वर्षं झाली होती.

मंजुळाताईंच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. ती जन्मली तेव्हा आजीने तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, की हिच्या मांडवात मी धवळा सांगीन. ते राहिलं. मंजुळाताईंना स्वतःला धवळे येत नव्हते. शाळा, मग नोकरी, शिकायचं राहून गेलं आणि आईनेही आग्रह धरला नाही. तेव्हा कुणाच्या घरी टेपरेकॉर्डरवर काही धरून ठेवलेलं असेल म्हणून त्या गावोगाव विचारून आल्या होत्या. कुठेच नव्हतं.

"तुमी आयेचं शूटिंग एवढं केलंत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं फोटो हाय तिचा. मला फोटो नको. मला तिचा आवाज पायजे."

मी त्यांना बसवलं आणि माझ्याकडे राहिलेल्या डिस्का लावायला घेतल्या. तिसऱ्या डिस्कमध्ये हळदीचा प्रसंग आला आणि चांगुणाबाई समोर. जवळून घेतलेलं चित्र, चांगलं लांबलचक. त्या डोळे मिटून गात होत्या. गळ्याची शीर फुगलेली दिसत होती. आणि आवाज कुठल्या तरी सिनेमातल्या सोळा वर्षांच्या नटीचा येत होता, मागे बासरी. मी पुढची लावली. तिथेही तेच, गाणं निराळं. मंजुळाताई आईच्या ओठांकडे बघत राहिल्या. चौथ्या डिस्कला त्यांनी हात वर केला. म्हणजे पुरे.

मला तिथेच आठवलं. सापगावचा मामा, त्याचं आखूड उपरणं, आणि फोनवरचा माणूस. चांगुणाबाईंचा आवाज या सगळ्या कॅसेटींत होता. खालच्या वाटेवर, जसाच्या तसा. मशीनवर एक शब्द बदलला असता तर चार वर्षं तो माझ्या दुकानात घुमला असता. मी तो घालवला आणि कॅसेटी वाटून टाकल्या. डिस्कमध्ये तर फक्त मी निवडलेलंच उतरलं होतं.

मी हे मंजुळाताईंना सांगितलं. न सांगताही चाललं असतं, त्यांना काय कळणार होतं, पण मी त्या दिवशी इतका थकलो होतो की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की त्या कॅसेटी आता कुठे असतील. मी म्हटलं, शेतात.

दुसऱ्या दिवशी मी खरंच बघायला गेलो. माळशेजच्या रस्त्याला एका बांधावर जुन्या टेपचा तुकडा काठीला लोंबत होता, ऊनपावसाने पांढरा पडलेला. हातात घेतला तर काळी पूड बोटाला लागली. शेताचा मालक लांबून विचारत होता काय पाहिजे. मी म्हटलं, काही नाही.

मग मी जुन्या वह्या काढल्या. त्यात लग्नाची तारीख आणि गाव मी लिहून ठेवायचो. पहिल्या पाच वर्षांतली, चांगुणाबाई ज्यात होत्या ती लग्नं वेगळी काढली आणि एकेका घरी जाऊ लागलो. मंजुळाताई सुट्टीच्या दिवशी बरोबर असत. कुणाची कॅसेट मीच वाटलेली, कुणाची पुरात गेलेली. एका घरी तर मोठ्या अगत्याने बसवून माझीच डीव्हीडी दाखवली. चैत्र संपत आला तरी हाती काही नाही. मंजुळाताई म्हणाल्या, "दादा, सोडा आता. तुमी मान्य केलंत तेवढं पुरे." मला ते पुरे नव्हतं.

शेवटचं नाव सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतलं निघालं. काळूराम. घरात माणूस एकटाच होता. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. त्याने पत्र्याची पेटी उघडली. सगळ्यात खाली, बायकोच्या हळदीच्या लुगड्यात गुंडाळलेली कॅसेट होती. वाडीत तेव्हा वीज नव्हती, मग व्हीसीआर कुठला? लग्न शूट झालं ते मुलीकडच्यांच्या हौसेने.

"आमी एकदाबी पायली नाय ती," काळूराम म्हणाला. "ती बोलायची, वीज आली का पाहू. वीज आली तवा लोक म्हनले हिचं मशीनच आता भेटत नाय."

त्याने ती लगेच दिली नाही. दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, मीपण येतो.

कॅसेटला बुरशी होतीच. तिचे स्क्रू काढले, टेप नव्या खोक्यात बसवली आणि हाताने चाक फिरवत मऊ कापडाने इंचाइंचाने पुसली. त्यात दोन दिवस गेले. अशी टेप मशीनमध्ये पहिल्यांदा चालते, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. कधी हेडला चिकटून तुटते. म्हणून आधी लावून बघायची सोय नव्हती. पहिल्याच फेरीत थेट डिस्कवर घ्यायचं. डिस्क चांगल्यातली घेतली, वेग दोन तासांचा ठेवला, इन्व्हर्टर तपासला. मग मेनूत जाऊन चार वर्षं ज्याला हात लावला नव्हता तो शब्द बदलला आणि बटन दाबलं. डावीकडे मंजुळाताई बसल्या होत्या, उजवीकडे काळूराम, गुडघ्यांवर हात ठेवून.

आधी नुसती खरखर. मग एकदम मांडव बोलायला लागला. भांडी, कुत्रं, कुणीतरी कुणाला तरी पाट आणायला सांगतंय. काळूरामची बायको हळदीला बसलेली, हसतेय, आणि शेजारणीला म्हणतेय की हळद लई थंड हाय गो. काळूराम पुढे झुकला. तो तसाच राहिला, शेवटपर्यंत.

मग चांगुणाबाई आल्या. गळा साफ केला आणि धवळा सुरू केला. आवाज जाडा होता, थोडा फाटका, आणि इतका मोठा की स्पीकर थरथरला. मला तो मुळीच आठवत नव्हता. शेकडो वेळा त्यांच्यासमोर दोन हातांवर उभा होतो, पण माझा डोळा चित्रात आणि डोकं पुढचं गाणं कुठलं घालायचं यात. मंजुळाताईंनी पदर तोंडाला लावला.

चार-पाच ओळींनंतर चांगुणाबाई थांबल्या. थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं,

"काय रे पोरा, माझा आवाज जातो का त्याच्यात?"

आणि एक तरुण, घाईतला, कोवळा आवाज आला. ओळखायला मला क्षणभर लागला.

"जातो मावशी. सगळा जातो."

"मंग पयल्यापासून सांगते. नीट सांगते."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं, मघापेक्षा सावकाश, एकेक शब्द सुटा, मधे कुठेही श्वास न चुकवता. पुढे कुणीतरी ऐकणार आहे असं धरून. मला चांगलं आठवतंय, त्या लग्नानंतरच्या आठवड्यात मी याच जागी बासरीचं गाणं बसवलं होतं आणि ते बरोबर मापात बसलं म्हणून खूश झालो होतो.

मान वर करायची मला हिंमत होत नव्हती. कॅसेट तुटली नाही, शेवटापर्यंत चालली. मंजुळाताईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. आता त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायची मी तयारी केली होती.

"खोटं नव्हतं बोललात दादा," त्या म्हणाल्या. "सगळा गेला होता त्याच्यात."

काळूरामने विचारलं, की यातली एक त्यालाही मिळेल का, वाडीत आता वीज आहे. मी हो म्हटलं. मग मी फायनलचं बटन दाबलं. मशीनने नेहमीप्रमाणे विचारलं, की यानंतर या डिस्कमध्ये काही घालता येणार नाही, चालेल का? मी चालेल म्हटलं आणि ते पुरं होईपर्यंत आम्ही तिघंही तिथेच बसून राहिलो.